स्वस्तात मिळालं म्हणे!

परवा पुण्याहून मावशीचा फोन आला. ख्यालीखुशाली, गुडघे, पाऊस, कामवाल्या बाईंच्या दांड्या हे सगळं झालं आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "काय रे, तू बंदूक घेतलीस म्हणे?"

मी फक्त मेहुण्याला सांगितलं होतं, आणि तेही "कुणाला बोलू नकोस" म्हणून. म्हणजे बातमी सगळीकडे पोचणार हे ओघानं आलंच. मी काहीतरी पुटपुटेपर्यंत मावशीचा दुसरा प्रश्न आला. "केवढ्याला पडली?"

तर मंडळी, प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, घेतली. बंदूक नव्हे, पिस्तूल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, म्हणून हे सगळं पुराण.

आमच्या घरात बंदूक नवी नाही हे आधी सांगतो. मावशीचे वडील, म्हणजे आमचे नाना, यांच्याकडे कोकणात ठासणीची बंदूक होती. शेतीच्या राखणीचा परवाना होता. रानडुकरं आणि माकडं यांच्यासाठी. निवडणूक जाहीर झाली की नाना ती बंदूक खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे आणि निकाल लागल्यावर परत आणायचे. लहानपणी मला ती बंदूक मतदानाला जाते असंच वाटायचं. मावशीने फोनवर नेमकी तीच आठवण काढली. "नानांची बंदूक डुकरांसाठी होती. तुझ्याकडे ओहायोत कुठली रे डुकरं?"

डुकरं नाहीत. हरणं आहेत, परसातले टोमॅटो खातात, पण त्यांच्यासाठी पिस्तूल घेतलेलं नाही. मला ते हवं होतं ते इतिहासाच्या वेडापायी. या पिस्तुलाचं नाव एम १९११. अमेरिकन लष्कराने ते २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं आणि १९८५ साली बेरेटा कंपनीचं पिस्तूल निवडलं जाईपर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. म्हणजे पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे हेच. जॉन ब्राउनिंग नावाच्या माणसाने ते घडवलं. निवड चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या, आणि एकदाही अडकलं नाही. वजन सव्वा किलोच्या थोडं आत, खालून सरकवायच्या पेटीत सात काडतुसं.

पण मला खरी भुरळ घातली ती पिस्तुलांवर कोरलेल्या नावांनी. दुसऱ्या महायुद्धात एकट्या कोल्ट कंपनीला मागणी पुरवता येईना, म्हणून सरकारने भलत्याच कारखान्यांना कामाला लावलं. रेल्वेचे सिग्नल बनवणारी एक कंपनी होती. सिंगर होती, तीच ती शिवणयंत्रवाली! आईच्या माहेरून आलेल्या काळ्या यंत्रावर सोनेरी अक्षरांत जे नाव होतं, तेच नाव पिस्तुलावर. सिंगरने फक्त ५०० पिस्तुलं केली, मग त्यांचा हात इतका नाजूक आणि अचूक आहे म्हटल्यावर लष्कराने त्यांना तोफांचा नेम धरणारी यंत्रं करायला दिली. आणि सगळ्यात जास्त पिस्तुलं कुणी केली? रेमिंग्टन रँडने. टाइपरायटरवाल्यांनी! साडेआठ लाखांच्या वर. मराठी टायपिंगच्या क्लासात ज्या नावाच्या यंत्रावर बोटं मोडून घेतली तेच हे रेमिंग्टन. यातली गंमत अशी, की मूळ रेमिंग्टन ही बंदुकांचीच कंपनी. १८७०च्या दशकात तिने टाइपरायटर बनवायला घेतले, १८८६ साली तो धंदा विकून टाकला. तो धंदा फिरत फिरत रेमिंग्टन रँडकडे आला आणि युद्धात त्यांनी पुन्हा हत्यारं केली. माणसं म्हणतात ना, फिरून फिरून भोपळे चौकात!

आता किमतीकडे येतो, कारण मावशीचा जीव तिथे अडकलाय.

एम १९११ची "चांगली किंमत" किती, हे आधी तुम्हाला काय हवंय त्यावर ठरतं. नुसतं चालवायला हवं असेल तर नवं घ्यावं. पेटंट कधीच संपलंय, त्यामुळे जगभर नकला होतात. तुर्कस्तानात होतात, फिलिपिन्समध्ये होतात आणि चार-पाचशे डॉलरच्या आसपास चांगलं पिस्तूल मिळतं. फिलिपिन्सचं नाव वाचून मला नेहमी गंमत वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या मोरो लढवय्यांपुढे अमेरिकन सैनिकांची लहान गोळीची रिव्हॉल्व्हर तोकडी पडली, म्हणून मोठ्या गोळीचा आग्रह सुरू झाला आणि त्यातून हे पिस्तूल जन्मलं. आज त्याच देशातला कारखाना ते स्वस्तात करून अमेरिकेला विकतो.

पण खरोखर लष्करात वापरलेलं हवं असेल तर हिशोब निराळा. इथे नवेपणाला नाही, खरेपणाला किंमत. लष्कर ही पिस्तुलं दुरुस्तीला आपल्या शस्त्रागारात पाठवायचं आणि तिथे पाच-पन्नास पिस्तुलं एकदम खोलून पुन्हा जोडायचे. कुणाची नळी कुणाला, कुणाचा वरचा सरकता भाग कुणाच्या सांगाड्याला. असं मिश्र पिस्तूल स्वस्त. सगळे भाग मूळचे, मूळ राखाडी मुलामा शाबूत, असं असेल तर महाग. आणि कुणी हौसेने घासूनपुसून चकचकीत केलं किंवा निकेलचा मुलामा चढवला असेल तर किंमत धाडकन खाली. आपल्याकडे जुनी शिवराई चिंचेने घासून लखलखीत करून आणली की नाणी जमवणारा कसा कपाळाला हात लावतो, तसंच. वरच्या टोकाला सिंगर. त्या पाचशेतलं एक लिलावात चार लाख डॉलरच्या वर गेलेलं आहे. शिवणयंत्राच्या नावाला एवढा भाव!

एक सरकारमान्य वाटही आहे. नागरिकांच्या नेमबाजीसाठी इथे एक जुनी संस्था आहे, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम. तिच्या राष्ट्रीय स्पर्धा १९०७ पासून आमच्याच ओहायोत, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला होतात. लष्कराने गोदामातली जुनी १९११ पिस्तुलं या संस्थेकडे दिली आणि २०१८ मध्ये विक्री सुरू झाली. प्रतीनुसार ८५०, ९५० आणि १,०५० डॉलर. पहिल्या खेपेत सुमारे ८,००० पिस्तुलं आणि अर्ज सुमारे १९,०००! नागरिकत्वाचा पुरावा, संलग्न क्लबचं सभासदत्व, नेमबाजीचा अनुभव, पार्श्वभूमीची तपासणी, आणि एवढं करून सोडत. मी सगळे कागद जमवून अर्ज टाकला. नंबर लागला चौदा हजारांच्या पुढचा. त्या वर्षी काही पाळी आली नाही, पुढे मीही आळस केला. पण त्या निमित्ताने चार-पाच वर्षं या पिस्तुलांचा अभ्यास झाला. कुठल्या क्रमांकाचं कुठल्या वर्षीचं, कुठल्या तपासनीसाचा शिक्का कुठे, हे पाठ झालं. (शाळेत सनावळ्या पाठ होत नव्हत्या, त्या मास्तरांची क्षमा मागून.)

आणि मग गेल्या ऑक्टोबरात, अंगणातली पानं गोळा करत असताना शेजारच्या आजींनी हाक मारली.

आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. आजोबा कोरियाच्या युद्धात होते, दोन वर्षांपूर्वी गेले. मला इतिहासाचं वेड आहे हे त्यांना ठाऊक होतं, कारण आजोबांच्या गोष्टी मी तासन् तास ऐकायचो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बुटांचं खोकं ठेवलेलं होतं. आजी म्हणाल्या, "यातलं मला काही कळत नाही. तीनशे डॉलर दे आणि घेऊन जा."

खोक्यात एम १९११. आधी पेटी काढली, वरचा भाग मागे ओढून नळी रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं. मग चष्मा वर करून अक्षरं वाचली. रेमिंग्टन रँड, सिरॅक्यूज, न्यूयॉर्क. युद्धकाळातला क्रमांक. तपासनीसाचा एफजेए हा शिक्का जागच्या जागी. मुलामा कडेला झिजलेला, पण मूळचा. आणि खोक्याच्या तळाशी घडी घातलेला पिवळा कागद. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी योजनेतून आजोबांनी ते रीतसर विकत घेतल्याची पावती. सतरा डॉलर!

खरं सांगतो, माझ्या आत तुळशीबाग जागी झाली. बाजारात याचे दीड हजार कुणीही डोळे मिटून दिले असते, कागदासकट जास्तच. आणि आजी मागतायत तीनशे. घासाघीस करायचीही गरज नाही! ओहायोच्या कायद्याप्रमाणे एकाच राज्यातल्या दोन खाजगी माणसांत असा व्यवहार सरळ होऊ शकतो. खिशात हात घालायचा आणि खोकं उचलायचं. मेहुण्याला सांगायला कसली गोष्ट झाली असती!

मी सहज विचारलं, "एवढी घाई का?"

आजींनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. नातू राहायला येणार होता. एकोणीस वर्षांचा. कॉलेज अर्धवट सोडलेलं. "त्याचं मन बरं नाही," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तो यायच्या आत मला हे घरातून जायला हवंय."

तीनशे डॉलर ही त्या पिस्तुलाची किंमत नव्हतीच. ती आजींच्या भीतीची किंमत होती.

लोक इथे बंदुकीचं नाव निघालं की चोर, खून, शाळांमधले गोळीबार बोलतात. बातम्या त्याच्याच होतात. पण २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. बहुतेकांच्या हाती आलेलं हत्यार घरातलंच असतं. आजींना हे आकडे माहीत नव्हते. त्यांना नातू माहीत होता.

मी म्हटलं, "किमतीचं उद्या बोलू. हे आत्ता घरातून नेतो, चालेल?" संध्याकाळ व्हायच्या आत आमच्या गावातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे नेऊन त्याच्या तिजोरीत ठेवलं. घरात दोन खोकी जुनी काडतुसं होती, तीही दिली. त्याला म्हटलं, तू नीट तपासून किंमत लिहून दे, मला ओळखतोस हे विसरून. त्याने लिहिलं, १,७००.

तो कागद घेऊन आजींकडे गेलो तर त्या चक्क रागावल्या. "मी तुला किंमत विचारली होती का? मला ते जायला हवं होतं. ते गेलं." त्यांना वाटलं मी माझा मोठेपणा दाखवतोय. थोडा दाखवत होतोही, खोटं कशाला बोला. बऱ्याच वादावादीनंतर त्यांनी १,७०० घेतले, तेही नातवाच्या औषधपाण्याला होतील म्हणून.

ऑफिसातल्या एका मित्राला हे सांगितलं तेव्हा त्याने मला वेड्यात काढलं. "विकणारी सज्ञान, घेणारा सज्ञान, किंमत तिने सांगितली. तू फसवलंस का? नाही. मग चौदाशे डॉलर का उधळलेस?"

त्याचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. दुकानदाराशी मी घासाघीस करतोच, आणि करावीच. जुन्या हत्यारांच्या बाजारात तर थापांचा सुकाळ. "हे अमुक जनरलच्या कमरेला होतं" असं सांगून हजारभर डॉलर जास्त उकळणारे पदोपदी भेटतात. जुनी जाणती मंडळी नवख्याला सांगतात, पैसे पिस्तुलाचे द्या, गोष्टीचे देऊ नका. तिथे दोघेही तयारीनिशी उतरलेले असतात. तो चढवतो, मी उतरवतो, मध्ये कुठेतरी जमतं. मजा असते त्यात.

पण आजींच्या टेबलावर घासाघीस होऊच शकत नव्हती. माझ्याकडे चार-पाच वर्षांचा अभ्यास, त्यांच्याकडे चार-पाच दिवसांची मुदत आणि पोटात गोळा. माहिती सगळी एका बाजूला आणि घाई सगळी दुसऱ्या बाजूला असेल, तर जे स्वस्तात मिळतं त्याला मी तरी सौदा म्हणणार नाही. आपल्याकडे नाही का, बाप गेल्यावर दवाखान्याची बिलं भागवायला लोक जमिनीचा तुकडा काढतात आणि गावातलाच कुणीतरी "मी तुला मोकळं करतो" म्हणत पाडून घेतो? सगळं कायदेशीर असतं. साक्षीदारही असतात. आणि मग पुढची वीस वर्षं तो माणूस त्या घरावरून जाताना दुसरीकडे बघतो. मला शेजारच्या खिडकीकडे बघता यायला हवं. रोज कचऱ्याचे डबे बाहेर काढताना ती समोर येते.

आता मावशी, खर्चाचा हिशोब. १,७०० पिस्तुलाचे. विक्रेत्याची फी ३०. मी व्यवहार त्याच्यामार्फत, फॉर्म भरून, तपासणीसकट केला, कायद्याची सक्ती नसताना. कुठल्या हातातून कुठल्या हातात गेलं याची नोंद असावी म्हणून. मग पोलादी तिजोरी, तळघराच्या काँक्रीटमध्ये बोल्टने ठोकलेली, ९००. ती बसेपर्यंत तीन आठवडे पिस्तूल विक्रेत्याकडेच होतं. नानांची बंदूक चौकीत जमा असायची तसं.

आणि एक खर्च आकड्यात न बसणारा. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. बायकोने एकच प्रश्न विचारला, "आजींना त्यांच्या घरात नको होतं, ते आपल्या घरात कसं चालेल?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. अजूनही पूर्ण देता येत नाही. आमचं पोरगं हसतंखेळतं आहे, पण आजींचा नातूही दोन वर्षांपूर्वी हसताखेळताच होता, बर्फ काढायला यायचा. शेवटी असं ठरलं, की काडतूस एकही घरात ठेवायचं नाही. चालवायचं ते क्लबच्या मैदानावरच, तिथेच विकत घ्यायचं आणि उरलं तर तिथेच सोडून यायचं. तिजोरीचा आकडा मला आणि बायकोला. आणि मुलाशी बसून बोलायचं, हत्याराबद्दल नाही, त्याच्याबद्दल. हे बोलणं पिस्तूल नसतं तरी व्हायला हवं होतं, ते झालं नव्हतं. तरीही एवढं करून पिस्तूल घरात आणायचं होतं का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. माझी हौस आहे, तिला मी गरजेचं नाव देणार नाही.

म्हणून मला वाटतं, अशा वस्तूची चांगली किंमत म्हणजे सगळ्यात कमी किंमत नव्हे. जी किंमत विकणाऱ्याला सांगता येते, बायकोला सांगता येते आणि मुलाला सांगता येते, ती चांगली. मग तीनशे असो की तीन हजार. "स्वस्तात मिळालं" हे आपल्याला फार आवडतं. मलाही. भाजीपासून घरापर्यंत आपण तेच सांगत असतो. पण कधीतरी थांबून, कुणाला महागात पडलं म्हणून आपल्याला स्वस्तात मिळालं, एवढं बघायला काय हरकत आहे?

नातू आला. सध्या आजींकडेच असतो. गप्प असतो, पण आमचंही गवत कापून देतो आणि पैसे देऊ केले तर मान खाली घालून घेतो. गेल्या महिन्यात यंत्र बंद करून एकदम म्हणाला, "आजोबांचं पिस्तूल तुमच्याकडे आहे ना? मला एकदा बघायचं होतं. त्यांनी लहानपणी दाखवलं होतं."

काय बोलावं कळेना. म्हटलं, "आजीला विचार. ती हो म्हणाली तर तिघं मिळून बघू."

अजून तरी तो परत विचारायला आलेला नाही. आजींनाही मी काही म्हटलेलं नाही, म्हणावं की काय ते कळत नाही. पिवळी पावती मात्र एका पाकिटात घालून वेगळी ठेवली आहे. ती त्याची आहे, कधी मागितली तर.

तर मावशी, केवढ्याला पडली ते आता तूच बेरीज करून सांग.